तुका काय जमणा नाय?

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी टर्बो इंजिनाची गाडी घेतली, आणि तिच्या ट्यूनिंगसाठी, सर्व्हिसिंगसाठी कुठलं वर्कशॉप धरावं हे विचारायला ते थेट माझ्याकडे आले. मी गणित शिकवते. माझ्याकडे गाडी नाही, लायसन्स नाही, आणि रिक्षावाल्याने जरा जोरात वळण घेतलं तरी मी त्याला सुनावते. पण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, साकीनाका अशी सगळीकडची वर्कशॉपं मी स्वतः पालथी घातली आहेत, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. मी सरांना म्हटलं, "पत्ता नका विचारू. आत गेल्यावर मालकाला एकच विचारा, तुम्हाला काय जमत नाही?" सर हसले. त्यांना वाटलं मी टाळतेय.

प्रश्न माझा नाही. तो दत्ताराम परबांचा. मुलुंडला आमच्या समोरच्या दारात राहायचे. गेल्या शिमग्यात ते गावी वारले. काकींचा फोन आला तेव्हा मी नववीचे पेपर तपासत होते, आणि पुढचे दोनतीन पेपर मी कसे तपासले ते मला आठवत नाही.

परबकाकांचा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्यात गेला. एका कंपनीच्या साहेबांचे ते ड्रायव्हर. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, काकांच्या वेगाचा काटा चाळीसच्या पुढे सरकला नाही. रिटायर झाल्यावरही पांढरा हाफ शर्ट, आत खोचलेला, आणि खिशात कंगवा, डोक्यावर विंचरण्यासारखं फारसं उरलेलं नसताना. साहेबांशी शुद्ध मराठी, मेकॅनिकशी हिंदी आणि घरात मालवणी. मी साताऱ्याकडची, पण त्यांनी मला पहिल्या दिवसापासून घरातलीच धरलं. "तुमी घाटावरची माणसा, तुमका बांगड्याचो काटो काढूक येणा नाय, नि पोरांका गणित शिकवतास," असं म्हणून बशीभर तळलेले बांगडे माझ्यासमोर ठेवायचे आणि मी कशी खाते ते बघत बसायचे.

माणूस पारखायची त्यांची एकच रीत होती. स्वयंपाकघराचं फर्निचर करायचं होतं तेव्हा तीन सुतार येऊन गेले. दोघे म्हणाले, सगळं होईल साहेब, तुम्ही फक्त सांगा. त्यांना काकांनी चहा पाजून वाटेला लावलं. तिसरा म्हणाला, वेताचं विणकाम मला जमत नाही. काकांच्या घरात वेताची एकही वस्तू नव्हती, पण काम त्याला मिळालं. डॉक्टर, शिंपी, केबलवाला, कुणाचीही यातून सुटका नव्हती. "ज्याका आपला कुंपण ठाऊक नाय, तेच्या हातात घर देव नये," असं त्यांचं म्हणणं.

मीही त्याच परीक्षेतून गेले. त्यांचा एकुलता एक मुलगा अमोल तेव्हा दहावीत होता. काका त्याची वही घेऊन माझ्याकडे आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "टीचर, तुका काय जमणा नाय?" मी वही उघडली. कोंबडी शाईत पाय बुडवून नाचली असती तर जरा बरं दिसलं असतं. मी म्हटलं, "गणित मी शिकवीन. पण हे अक्षर सुधारणं मला जमणार नाही."

"झाला," काका म्हणाले. "उद्यापासून येतलो तो."

अमोलचं गणित उत्तम झालं आणि अक्षर शेवटपर्यंत तसंच राहिलं. मुलगा इंजिनीअर झाला, ऐरोलीला नोकरीला लागला आणि त्याने जुन्या गाड्यांच्या बाजारातून एक लाल टर्बो गाडी घेतली. त्यावरून बापलेकांची रोज जुंपायची. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, एवढं मला अमोलनेच समजावलं होतं. पाय दाबला की हवा घुसते, शीळ वाजते आणि गाडी उसळते. काकांना यातलं काहीच पसंत नव्हतं. "गाडी पोचूक असता, दाखवूक नाय," ते म्हणायचे. अमोल हसायचा आणि रविवारी पार्किंगमध्ये गाडीला लॅपटॉप जोडून तासन्‌तास बसायचा. काका गॅलरीतून बघायचे, मान हलवायचे आणि काकींना सांगायचे, त्याका चाय दी खाली.

मग अमोल गेला. साधा ताप म्हणून ॲडमिट केला होता. मी डबा घेऊन भेटायला गेले तेव्हा तो उठून बसला होता आणि हॉस्पिटलच्या डाळीला नावं ठेवत होता. दोन दिवसांनी त्याला घरी आणलं ते कसं, ते मला लिहवत नाही.

बिल्डिंगमधले सगळे म्हणाले, गाडी विकून टाका, डोळ्यांसमोर नको. महिन्याभराने एका सकाळी ते खोचलेला शर्ट घालून खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ती बाहेर काढली. तेव्हापासून भाजी आणायला, बँकेत, देवळात, सगळीकडे ते तीच गाडी न्यायचे. अर्थात चाळीसने. परत आले की इंजिन चालू ठेवून आतच बसून राहायचे. सेक्रेटरी एकदा म्हणाले, "परब, पेट्रोल फुकट घालवताय आणि धूर वर येतोय." काका काच खाली करून शांतपणे म्हणाले, "अमोल सांगतो, आल्याबरोबर बंद करायची नाही. टर्बोला थंड व्हायला वेळ द्यायचा." चाळीसच्या वेगात टर्बो कधी तापतच नाही, हे मला पुढे कळलं. काकांना ते आधीपासून कळत असणार. चाळीस वर्षं ड्रायव्हर होते ते.

सर्व्हिसिंगची वेळ आली तेव्हा काका गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. तिथे सांगितलं, गाडीच्या कॉम्प्युटरला नवीन अपडेट आलंय, फुकट टाकून देतो. काका सही करणार एवढ्यात अमोलच्या मित्राचा, रोहितचा, सहज चौकशीचा फोन आला. अपडेटचं ऐकून तो जवळजवळ ओरडलाच. "काका, अपडेट करू देऊ नका. अमोलचा मॅप उडेल."

मॅप म्हणजे काय ते रोहितने सांगितलं. किती हवेला किती पेट्रोल, ठिणगी कधी, ताण किती, हे सगळं गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये आकड्यांनी लिहिलेलं असतं. कंपनीने लिहिलेलं अमोलने पुसलं होतं आणि रविवारी बसून बसून स्वतःचं लिहिलं होतं. काका गाडी तशीच परत घेऊन आले. ते थेट माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"टीचर," ते म्हणाले, "गाडयेत तेचा अक्षर आसा."

त्या घरात अमोलचे शर्ट होते, फोटो होते, बूट अजून दाराशी होते. त्या सगळ्यापुढे हात टेकून बसलेला बाप या एका गोष्टीने उभा राहिला. गाडी चालू असेपर्यंत मुलाचं लिहिलेलं रोज चालतं. एवढंच त्यांना हवं होतं. तो मॅप तसाच राहायला हवा, आणि गाडीही राहायला हवी.

आणि नेमकं तेव्हाच गाडी आजारी पडली. पवईच्या चढावर डब्यात चणे हलवावेत तसा आवाज येऊ लागला. साध्या गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून परत लावलं. हे टर्बो, त्यात मॅप केलेलं, आमचं काम नाही, असं म्हणाले. सर्व्हिस सेंटरला न्यावी तर तिथे मॅप उडणार. उरली ती परफॉर्मन्स वर्कशॉपं, म्हणजे हौशी पोरं आपल्या गाड्या आणखी उधळायला नेतात ती. काका मला म्हणाले, "तू चल माझ्यावांगडा. मास्तरणीसमोर माणूस खोटा बोलूक जरा भिता." अशी माझी नेमणूक झाली. पुढचे बरेच शनिवार शाळा सुटली की मी त्या लाल गाडीत बसायचे आणि मागचे सगळे आम्हाला हॉर्न मारायचे.

अंधेरीला पहिलं वर्कशॉप. बाहेरून हॉटेलच वाटलं. गारेगार एसी, सोफा, मशीनची कॉफी. टीशर्टवर स्वतःचंच नाव छापलेला एक तरुण म्हणाला, "अंकल, स्टेज टू करून टाकू. पावर डबल. तुम्ही फक्त चावी द्या." काकांनी विचारलं, "आपको क्या नहीं जमता?"

"अंकल, अपने यहाँ सब जमता है."

काकांनी कॉफी संपवली, कप जागेवर ठेवला, थँक यू म्हटलं आणि उठले. बाहेर आल्यावर म्हणाले, "कॉफी बरी होती."

घाटकोपरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या माणसाने आम्हाला बघून आधी स्वतःच्या गाडीच्या सायलेन्सरमधून फटाके फोडून दाखवले. हे तुमच्याही गाडीत बसवून देतो, मुलं रस्त्यावर वळून बघतात, असं म्हणाला. काका म्हणाले, "दिवाळीक सांगतंय." बोरिवलीचा मालक मात्र फार आदबशीर होता. मॅपला हात लावणार नाही, वचन देतो काका, असं तो म्हणाला आणि काकांचा चेहरा उजळला. पण त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. गणित न वाचता उत्तर सांगणारी मुलं मी रोज बघते. मी काकांना नुसतं नजरेने खुणावलं. ते क्षणभर माझ्यावर रागावले, आणि मग चावी परत खिशात टाकली.

त्या दिवशी परतताना घोडबंदर रोडच्या चढाला चणे वाजायला लागले तेव्हा त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर मला रडायचं नव्हतं.

साकीनाक्याचं वर्कशॉप एका गल्लीच्या टोकाला होतं. मालक वानखेडे नावाचा, पस्तिशीतला, डिग्रीवाला इंजिनीअर. त्याने आम्हाला खुर्चीसुद्धा दिली नाही. फोनवर कुणाला तरी झापत होता. फोन ठेवला तेव्हा काकांनी विचारलं, "तुम्हाला काय जमत नाही?"

"गोड बोलायला," तो म्हणाला. "बाकी गाडी बघितल्याशिवाय कसं सांगू?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून चावी पुढे केली.

वानखेडेने लॅपटॉप जोडला, गाडी बाहेर फिरवून आणली, परत येऊन स्क्रीनवरच्या आकड्यांत डोकं घातलं. बराच वेळ गेला. मग वर न बघता म्हणाला, "मॅप कोणी केलाय हा?"

"माझ्या मुलाने."

"मग त्याला पाठवा ना यार. त्याच्याशी बोलायचंय मला."

काका कंगवा काढून परत खिशात ठेवू लागले. उत्तर मी दिलं. वानखेडेने सॉरी वगैरे म्हटलं नाही. तो आत गेला, दोन स्टुलं आणली, पुसली आणि आम्हाला बसवलं. मग स्क्रीन आमच्याकडे वळवली.

"पोराला डोकं होतं काका. मन लावून केलंय. पण हे बघा, इथे वरच्या टोकाला ताण जास्त दिलाय. तो भारी पेट्रोल टाकत असणार, म्हणून निभलं. तुम्ही साधं टाकता, त्यात इंजिन आतून मार खातंय. तो आवाज तोच. आणि खरं सांगू का, हे पुरं झालेलं नाही. तक्त्याच्या या घरात एक आकडा ठेवून बघितलाय, शेजारी दुसरा. असं कोणी फायनल ठेवत नाही. तो अजून बदलणार होता."

"म्हणजे अपुरा आहे?" काकांनी विचारलं.

मी स्क्रीनकडे बघितलं. मला गाडीतलं कळत नाही, पण आकड्यांची ती घरं मला वाचता आली. आमच्या पेपरात उजव्या बाजूला समास सोडलेला असतो, त्यावर 'कच्चे काम' असं लिहिलेलं असतं. मुलं तिथे आकडे मांडून बघतात, खोडतात, पुन्हा मांडतात. ते तपासायचं नसतं आणि जपायचंही नसतं. आम्ही इतके दिवस जे घेऊन फिरत होतो ते अमोलचं कच्चं काम होतं. तो येऊन ते पक्कं करणार होता.

"हा मॅप तसाच ठेवून गाडी बरी करायला जमेल?" काका.

"नाही जमणार."

"दुसऱ्या कुणाला?"

"जमेल म्हणणारे भेटतील. इंजिन गेलं की ते तुमचा फोन उचलणार नाहीत."

"अर्धा त्याचा ठेवून?"

वानखेडेने लॅपटॉपवरचा हात काढला. "ठेवतो म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण मी हात लावला की तो त्याचा राहत नाही काका, माझा होतो. पाहिजे तर त्याची फाइल पेनड्राइव्हवर काढून देतो."

"पेनड्राइव्ह घेवन मी काय करू?" काका मालवणीवर आले होते. "तो काय चलता?"

ते उठून दाराशी जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले. गल्लीत कुणीतरी पत्रा कापत होतं, त्यामुळे ते काय म्हणतात ते ऐकायला मला अगदी जवळ जावं लागलं.

"टीचर, माका सगळ्यांका विचारूची सवय. हॉस्पिटलातल्या त्या डॉक्टराक मी विचारूक नाय. तो म्हणा होतो, आमी सगळा करतो. सगळा म्हणणाऱ्या माणसाक मी दारातसून परत धाडतंय. त्या दिवशी मान हलवलंय नि बाकड्यार जावन बसलंय. डॉक्टराचो काय दोष नाय. त्येणां केल्यान ता बराच केल्यान. पण मी विचारूक नाय. माका ठाऊक होता, काय उत्तर येतला ता."

त्यांचा आवाज मोडला नाही. मोडला असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्यांच्या दंडावर हात ठेवला, आणि शर्टाच्या आत तो दंड किती बारीक झालाय हे मला तेव्हा कळलं. अमोल गेल्यापासून हा माणूस हळूहळू विरत चालला होता आणि आम्ही सगळे त्याच्या चाळीसच्या वेगाला हसत होतो.

काका आत गेले. वानखेडेच्या खांद्यापाशी उभे राहून त्यांनी स्क्रीनवरचे आकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. अमोलच्या वहीतलंही त्यांना कधी वाचता आलं नव्हतं.

"पूस," ते म्हणाले.

वानखेडेने आधी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. मी रोज फळा पुसते. त्या दिवसानंतर कित्येक आठवडे डस्टर हातात घेतलं की मला ते दुकान आठवायचं.

गाडी बरी झाली. चढावर आवाज येईना. काका एवढंच म्हणाले, "बरी चलता." इंजिन चालू ठेवून बसणं त्यांनी आपोआप सोडून दिलं. सेक्रेटरींना समाधान वाटलं, काकींना वाटलं नाही. त्या मला म्हणाल्या, "आता ते येतत नि सरळ वर येतत. माका खालीच बसलेले बरे वाटत." थोड्याच दिवसांत त्यांनी मुलुंडचं घर भाड्याने देऊन कणकवलीजवळ गावी जायचं ठरवलं. गाडी सोबत न्यायची होती.

जायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, काकांनी बेल वाजवली. "चल, जरा फिरान येवया."

हायवेला लागलो. रविवार असल्यामुळे रस्ता बराचसा मोकळा होता. ठाण्याच्या दिशेने आम्ही नेहमीच्या चालीने निघालो, एक दूधवाला मोटारसायकलवरून आम्हाला मागे टाकून गेला. मी काकींनी दिलेल्या लोणच्याबद्दल काहीतरी बोलत होते. काका ऐकत नव्हते.

"तो माका म्हणा होतो," ते मधेच म्हणाले, "बाबा, एकदा दाबून बघा. फक्त एकदा. दर रविवारी म्हणा होतो. मी दाबूक नाय."

आणि त्यांनी पाय दाबला.

मी सीटला चिकटले. पुढून बारीक, वर वर चढत जाणारी शीळ आली. काटा चाळीस सोडून असा पळाला की मी डोळे मिटून घेतले. रिक्षावाल्यांना सुनावणारी मी, दाराचं हँडल घट्ट धरून बसले. डोळे उघडले तेव्हा काका समोर बघत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, शिकवल्यासारखे सरळ. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात सोडला नाही. गाडी सुंदर पळत होती. ती वानखेडेने लिहिल्याप्रमाणे पळत होती.

मग त्यांनी पाय काढला. शीळ खाली खाली येत थांबली. काटा चाळीसवर आला, त्यांनी इंडिकेटर देऊन गाडी डाव्या बाजूला घेतली आणि आतापर्यंत आम्ही ज्यांना मागे टाकलं होतं ते सगळे एकेक करून पुढे निघून गेले.

"उशीर झालो, टीचर," काका म्हणाले.